ग्यानबाचा हात

९ डिसेंबर १९३६, वसमत

पुण्याहून निघून आज तिसऱ्या दिवशी पोचलो. मनमाडला गाडी बदलली, पूर्णेला बदलली. निजामच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर अकराच्या अकरा पेट्या उघडून दाखवाव्या लागल्या. कारकुनाने मायक्रोफोन उलटासुलटा करून विचारलं, "ये क्या चीज है?" मी दमलो होतो. म्हटलं, "कान." त्याने गंभीरपणे यादीत लिहिलं: कान, एक नग.

मळे आणि मोटा पुण्याभोवती काय कमी आहेत? पण भांडवल पुनमचंद शेटचं, शेटचा मळा कुरुंद्याला, म्हणून आमच्या नायिकेचा जन्मही कुरुंद्याला. आमचे दिग्दर्शक नाना याला 'कथेची गरज' म्हणतात. नानांच्या सगळ्या गरजा शेटच्या पंक्तीतच सुचलेल्या असतात.

जेवताना शेटनी मला विचारलं, "साउंडवाले, तुमी आवाज भरता, तो लगेच ऐकता येतो का?"

"नाही. आवाजाचा उजेड होतो आणि तो फिल्मवर उमटतो. फिल्म पुण्याला जाऊन धुतल्याशिवाय कुणालाच ऐकू येत नाही."

"मग आत काय भरलं ते इथं कळणार कसं?"

"माझ्या कानाला कळतं."

"आणि कान चुकला तर?"

नाना मोठ्याने हसले. मी हसलो नाही. हळदीचं पोतं हाताने दाबून भाव सांगणाऱ्या माणसाने कानाबद्दल शंका काढावी, हे विशेष.

तसा प्रश्न पुण्यातही निघालाच होता. मागच्या चित्राचा आवाज लोकांना फाटका वाटला म्हणे. लोकांना! म्हणजे जे खुर्चीखाली शेंगांची टरफलं टाकत बोलपट पाहतात त्यांना. मालकांनी निघताना बोलावून सांगितलं, "उद्धवराव, कलकत्त्याला शिकलेले एक गृहस्थ आमच्याकडे येण्यासाठी दर आठवड्याला पत्र टाकतात. मळ्यातलं गाणं कसं उतरतं ते पाहू, मग त्यांना काय ते कळवू." बोलपट सुरू झाल्यापासून या कंपनीचा एकेक शब्द माझ्या कानातून गेला आहे. आणि आता माझी नोकरी एका गाण्यावर टांगली आहे. ठीक आहे. गाणं असं उतरवीन की कलकत्त्याचे गृहस्थ शाई वाळायच्या आत पत्र फाडतील.

११ डिसेंबर, कुरुंदा

मुक्काम शेटच्या मळ्यात, हळद साठवायच्या कोठारात. उशाला हळद, पायथ्याला हळद. केबलची वेटोळी दोन दिवसांत पिवळी पडली. मायक्रोफोन मी रेशमी रुमालात गुंडाळून उशाशी घेतला आहे. नाना म्हणाले, "मायक्रोफोनला हळद लागली, आता लग्नच लावून टाका." सगळे हसले. नानांचे विनोद आणि नानांचे संवाद एकाच पेटीतून येतात.

जागा मात्र ध्वनिमुद्रणाला उत्तम आहे, हे कबूल करायला हवं. विलक्षण शांतता. किडासुद्धा ओरडत नाही. आमची नायिका प्रेमा सकाळी चहा घेताना म्हणाली, "केवढी किरकिर आहे हो या हळदीत! माझं तर डोकं उठलं." मी कान देऊन ऐकलं. काहीही नव्हतं. गाणाऱ्या बायकांना आपल्या आवाजाखेरीज जगात दुसरा आवाज सोसत नाही, नसला तरी त्या तो निर्माण करतात.

गेल्या वर्षी लढाईच्या देखाव्यात नानांनी माझ्यापासून पाच हातांवर खरी तोफ उडवली होती, तेव्हा तीन दिवस माझ्या कानात शिट्टी वाजत होती. ती आपोआप गेली. तेव्हापासून मला एकूण जगच कमी गोंगाटाचं वाटतं. तोफेचाही काही उपयोग असतो.

१३ डिसेंबर

आज यंत्र मांडलं. बॅटऱ्या भरायला वसमतच्या जिनिंगमध्ये पाठवाव्या लागतात, बैलगाडीतून, आणि गाडीवान त्यांवर बसून जातो. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून त्याच्याभोवती चार गोधड्या बांधल्या. पेटीवाला हळदीच्या पाल्यात दडवला, तबलजीला एका खड्ड्यात बसवला. माइकचा बांबू धरायला लमाणांच्या तांड्यावरचा नेमसिंग मिळाला आहे. सहा फूट उंच, चार मिनिटं हात न हलवता उभा राहतो आणि बोलत नाही. या कंपनीतला हा पहिला माणूस ज्याच्याबद्दल माझी तक्रार नाही.

शिवाय आवाज बंद ठेवण्यासाठी एक माणूस लागतो. गाड्या अडवायच्या, कुत्री हाकलायची, आणि कुठे काही वाजत असेल तर हात वर करून मला खूण करायची. शेटनी त्यांच्याच मोटेवरचा ग्यानबा दिला. पन्नाशीचा, डोक्याला पटका, बोटं हळदीने कायमची पिवळी. त्याला सगळं नीट समजावलं. पहिली तालीम सुरू होते न होते तोच याचा हात वर.

"काय झालं?"

"चाक करकरून राहिलं ना, सायेब."

"कुठलं चाक?"

"शेटच्या इहिरीचं. मोटेचं. पोरगी बसली हाय माझ्या जागी बैलावर."

विहीर दीडशे पावलांवर. मी हेडफोन दाबून ऐकलं. पाणी पडल्याचा आवाज होता, तोही मधुर. चाकबिक काही नव्हतं. म्हटलं, "मला ऐकू येत नाही, म्हणजे यंत्रालाही येत नाही."

"तसं असंल जी," तो म्हणाला आणि हात खाली घेतला.

१४ डिसेंबर

सगळे पुटपुटतात. प्रेमा पुटपुटते, नायक पुटपुटतो, नाना तर 'कट'सुद्धा पुटपुटतात. शब्दांच्या कडा राहिल्याच नाहीत. मी आवाजाची कळ आणखी पुढे घेतली. यंत्राची सुई लाल रेघेवर आपटते म्हणून कॅमेरावाला मला शिकवायला आला. त्याला सांगितलं, सुई ही ज्यांना कान नाहीत त्यांच्या सोयीसाठी असते.

१६ डिसेंबर

नानांना नवीन साक्षात्कार. मळ्याचं गाणं मोटेच्या अगदी शेजारी घ्यायचं. पुढे प्रेमा गाते आहे, मागे बैल धावेच्या उतारावरून जाताहेत, मोट वर येऊन थारोळ्यात पाणी ओतते आहे. मोट हाकायला ग्यानबाच, कारण नाना म्हणाले, याचा चेहरा 'मातीचा' आहे. ग्यानबाला वाटलं तोंड धुवायला सांगताहेत, तो जाऊन धुऊन आला.

तयारी चालू असताना ग्यानबा माझ्याकडे आला. म्हणाला, "सायेब, तुमच्या कामासाठी चाकाला थोडं एरंडीचं तेल घालू काय?"

"इतके दिवस का नाही घातलंस?"

"घालत न्हाईत जी. चाक बोललं पायजे. तिकडं गावात शेट गादीवर बसून ऐकत असत्यात. चाक बोलून राहिलं म्हंजे मोट चालू, ग्यानबा कामावर. चाक गप, म्हंजे ग्यानबा झोपला. अन् बैल बी चाकाच्या बोलावर पाय टाकत्यात. मुकं चाक असलं की उभेच ऱ्हात्यात. पण तुमाला तकलीफ होत असंल तर घालतो."

काय हा कारभार! मालक कानाने मुकादमी करतो आणि बैल संगीतावर चालतात. मी सांगितलं, "काही गरज नाही. जसं आहे तसं राहू दे."

तो जागचा हलला नाही. "बराबर ऐकलं का सायेब? एकदा जवळ येऊन ऐकता का?"

चार फुटांवर उभा राहून ऐकलं. दोर घासल्याचा जाड आवाज, पाण्याचा आवाज, बैलांचे पाय. बस्स. या माणसाला आपल्या चाकाचा भलताच अभिमान आहे.

प्रेमानेही विचारलं, "उद्धवराव, हे चाक चित्रात ऐकू येणार नाही ना?" मी म्हटलं, "बाई, यंत्राने काय ऐकायचं ते मी ठरवतो." नाना तत्परतेने म्हणाले, "माइक फक्त तोंडाकडे वळवलेला असतो, तिकडचंच घेतो. होय ना, उद्धवराव?" नानांना यातलं काही कळत नाही, पण मुद्दा माझ्या बाजूचा होता, म्हणून मी मान हलवली.

१८ डिसेंबर

ग्यानबाला खुणेच्या कामावरून काढलं. तीन दिवसांत एकोणीस वेळा हात वर. मोट हाकता हाकता, कॅमेरा चालू असताना, पडद्यावर दिसणार अशा बेताने हात वर! चार वेळा फिल्म वाया गेली. शेवटी सगळ्यांसमोर विचारलं, "यंत्र तुझं की माझं?"

"तुमचं जी."

"कान कुणाचा खरा?"

मग खाली बघत म्हणाला, "चाक माझं हाय, सायेब. त्याचं बोलणं मला न ऐकू येऊन कसं चालंल?"

तबलजी खड्ड्यातून हसला. मी म्हटलं, "आतापासून फक्त बैल हाक. हात खाली." दिवसभर त्याचा हात खाली होता. गाणं एका दमात पुरं झालं. मी स्वतः हेडफोन लावून ऐकलं: प्रेमाचा आवाज, पाण्याची धार, आणि मागे निर्मळ शांतता. असं काम पुण्याच्या बंद स्टुडिओतही होत नाही.

२० डिसेंबर

फिल्मचे डबे पुण्याला रवाना. पाठवण्याआधी डब्यांवर माझी सही केली. कलकत्त्याच्या गृहस्थांची दया येते.

२७ डिसेंबर

काल तार, आज पत्र. तारेतले शब्द: 'गाण्यावर सतत किंकाळी. सर्व निकामी.' पत्रात मालकांनी विस्ताराने लिहिलं आहे. गाण्याच्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मागे एक बारीक, तीक्ष्ण आवाज आहे, 'जशी पाटीवर खिळा ओढावा'. शिवाय प्रेमाबाईंचा आवाज फाटलेला. धुणाऱ्या मुलाने ऐकताना कानात बोटं घातली. प्रेमाबाईंचा करार सात जानेवारीला संपतो, त्याच्या आत गाणं पुन्हा घ्या. तेही असंच आलं तर कलकत्त्याच्या गृहस्थांना महिनाअखेरीस रुजू होण्यास कळवतो, तुम्ही आपल्या वस्तू नेण्याची व्यवस्था करावी.

वस्तू! मी काय लग्नाला आलेला पाहुणा आहे?

कारणं उघड आहेत. धुणाऱ्यांनी मसाला शिळा वापरला असेल. फिल्म ओलीत राहिली असेल. केबलला कुठे तरी खरचटलं असेल. सगळी केबल हातातून काढून पाहिली, चारशे फूट. माइक खोलून पुन्हा जोडला. काही नाही.

नाना दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "उद्धवराव, ते चाकच असेल का हो? आम्हाला सगळ्यांना ऐकू येत होतं. तुम्ही म्हणालात यंत्र घेत नाही, म्हणून आम्ही..."

"सगळ्यांना?"

"म्हणजे, तसं मोठं नव्हे," असं म्हणून नाना गेले. दिग्दर्शक कसा नसावा, याचा नमुना.

२८ डिसेंबर

आज सोक्षमोक्ष लावला. त्याच जागी माइक, तीच मोट, पोरगी बैलांवर. यंत्र चालू, फिल्म नाही. हेडफोन मुद्दाम ग्यानबाच्या डोक्यावर चढवला. त्यासाठी त्याला पटका काढावा लागला, त्याची त्यालाच लाज वाटली. म्हटलं, आता सगळ्यांसमोर सांग, काय ऐकू येतं ते.

चाक फिरलं. ग्यानबाने दोन्ही हातांनी हेडफोन उपटून काढला. "आगं आई! कानात सुई घालून राहिलं की कुणी!"

मी हिसकावून लावला. पाणी. दोर. बैल.

नेमसिंगला दिला. तो खोटं बोलणार नाही असं मला वाटत होतं. त्याने जबडा आवळून चार-पाच क्षण ऐकलं आणि म्हणाला, "साहेब, चाक आहे."

मग प्रेमाने मागून घेतला. तिने बराच वेळ ऐकलं. हेडफोन माझ्या हातात देताना आवाज खाली आणून म्हणाली, "उद्धवराव, तुम्ही जरा सावलीत बसता का?"

मला बसायला सांगणारी ही कोण? तिघांनी आपसांत ठरवून केलेली थट्टा आहे. एक हळदवाला, एक हमाल आणि एक गाणारी. तिथून सरळ कोठारात आलो. मागे कुणी हसल्याचं ऐकू आलं नाही. पण ते हसत असणारच.

२९ डिसेंबर

सकाळी खिशातल्या घड्याळाला किल्ली दिली आणि कानाला लावलं. बंद. डाव्या कानाला लावलं, तिथेही बंद. वडिलांचं घड्याळ, बावीस वर्षं चाललं, इथल्या पिवळ्या धुळीने मेलं. नेमसिंगकडे दिलं, म्हटलं वसमतला घड्याळजी असेल तर पाहा. त्याने ते कानाला लावलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या तळहातावर परत ठेवलं.

दुपारी पाहिलं तर त्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. नानांच्या घड्याळातही तीन वाजून दहा मिनिटं.

आज आणखी लिहिण्यासारखं काही नाही.

३१ डिसेंबर

पाय मोकळे करायला म्हणून विहिरीकडे गेलो. दुपारची वेळ, ग्यानबाने मोट सोडली होती. त्याची बायको शकुबाई बैलांना वैरण घालत होती. ग्यानबाने घोंगडी अंथरली. मी उभाच राहिलो.

म्हटलं, "चाकाला तेल घालायचं तू म्हणत होतास."

"व्हय जी. घालू की."

"माझी खात्री आहे की दोष केबलमध्ये आहे. तरी पण."

"तरी पण घातल्यालं बरं," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "माझ्या बापानं चाळीस वर्सं हीच मोट हाकली. आखरीला त्याला चाकाचं बोलणं ऐकू यायचं बंद झालं. आमी म्हणायचो, बाबा, बैल उभे ऱ्हायले. तर म्हणायचा, लेकरा, चाकच मुकं झालं. चाक कुठं मुकं हुतं? मग नाड्यावर हात ठिवून हाकायचा. दोर थरथरला की त्याला कळायचं. अजून सात वर्सं हाकली त्यानं."

"मी तुझ्या बापाची चौकशी करायला आलेलो नाही."

"न्हाई जी. मी आपलं असंच सांगून राहिलो."

शकुबाई वैरण टाकता टाकता म्हणाली, "अवं, सायबाला काय काम हाय ते तर बोलू द्या. बाप काढून बसले!"

मी सांगितलं, मला सुईवर लक्ष ठेवायचं असतं, बॅटरी बघायची असते, नेमसिंगचा बांबू बघायचा असतो. एका माणसाने चार ठिकाणी पुरं पडणं कठीण. तेव्हा गाण्याच्या वेळी हेडफोन लावून कुणीतरी माझ्याजवळ बसलेलं बरं. तू रिकामा असशील तर.

"म्हंजे हात वर करायचा?"

"हो."

"या खेपेला इचारणार न्हाई ना, काहून केला म्हणून?"

त्याच्या बोलण्यात खवचटपणा होता की नाही, मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "नाही विचारणार."

३ जानेवारी १९३७

चाकाला तेल घातलं आणि बैल उभे. हाकून, ओढून, चुचकारून, नानांनी स्वतः ढकलून झालं. मुक्या चाकाखाली ते पाऊल टाकेनात. नाना बैलाला मागून ढकलत आहेत, हा या संपूर्ण चित्रातला एकमेव पाहण्यासारखा देखावा होता आणि कॅमेऱ्यात फिल्म नव्हती.

तोडगा शकुबाईने काढला. "माझ्यामागं येत्यात बघा. वैरण कोन घालतं त्यांस्नी?" ती कासोटा आवळून धावेवर उभी राहिली, बैलाच्या पाठीवर हाताने ठेका धरला आणि पाठीवरल्या हाताखाली बैल निघाले. तीन दिवस ती तशीच त्यांना फिरवते आहे. नाना आता म्हणतात, मोटेवर बाई असावी हे त्यांच्या मनात पहिल्यापासून होतं.

५ जानेवारी

आज गाणं घेतलं. एक दिवस हातात उरतो, उद्याचा; पण उद्याच्या भरवशावर मी कधी काम केलेलं नाही.

ग्यानबा माझ्या उजव्या हाताला, खोक्यावर, पटका मांडीवर, डोक्यावर हेडफोन. मी सुईसमोर. कळ मागे घेतली, सुई लाल रेघेला शिवू द्यायची नाही असं ठरवलं, नवशिक्या माणसासारखं.

पहिला प्रयत्न. दुसऱ्याच ओळीला ग्यानबाचा हात वर. मी 'कट' म्हटलं. नानांनी चिडून विचारलं, "काय झालं?" मी ग्यानबाकडे पाहिलं. त्याने ओठ हलवले, "टिटवी." मी खणखणीत आवाजात सांगितलं, "टिटवी होती, ऐकली नाहीत?" नाना वरमले.

दुसरा प्रयत्न उत्तम चालला होता. तिसऱ्या कडव्यापर्यंत हात मांडीवर. इतक्यात धुरळा उडवत टांगा आला आणि पुनमचंद शेट धावतच मळ्यात शिरले. "ग्यानबा! सकाळधरनं मोट बंद? माझी हळद वाळवतो काय रे? आज वसमतहून येऊन गादीवर बसलो, चाकाचा आवाजच नाही!" मग मोट डोळ्यांसमोर पाणी ओतताना पाहून ते मध्येच थांबले आणि चाकाकडे बघत राहिले, जणू चाकाने त्यांना फसवलं. शेटना बसवून सरबत पाजावं लागलं. ते नानांना सारखं विचारत होते, आवाज नाही तर मोट चालू आहे हे मी गावातून कसं ओळखायचं?

तिसरा प्रयत्न. ऊन उतरायला लागलं होतं, पाऊण तासाचा उजेड बाकी. प्रेमाने गायला सुरुवात केली. गाणं साडेतीन मिनिटांचं आहे. त्या साडेतीन मिनिटांत मी एक स्वरही ऐकला नाही. ऐकण्याचा प्रयत्नच केला नाही. एक डोळा सुईवर आणि दुसरा त्या पिवळ्या बोटांवर. एकदा बोटं किंचित उचलली गेली. मी 'कट' म्हणायला तोंड उघडलं. पण ती माशी होती, मांडीवर बसलेली. बोटं पुन्हा खाली आली. नानांनी 'कट' म्हटलं तेव्हाही हात तिथेच होता.

हेडफोन काढून ग्यानबा म्हणाला, "बाई लई गोड म्हणत्यात, सायेब. पानी बी गोड वाजतं त्याच्यातून."

"तुला गाणं ऐकायला नव्हतं बसवलं."

"व्हय जी. पण कानावर पडलंच की."

मी पेट्या आवरायला घेतल्या. प्रेमा जवळून जाताना थांबली, म्हणाली, "छान झालं ना, उद्धवराव?" तिच्या तोंडाकडे पाहिलं तर शब्द स्पष्ट कळतात, असं आज लक्षात आलं. इतके दिवस ती पुटपुटते असं मी लिहीत होतो. बहुधा मी तिच्याकडे पाहत नव्हतो. तिने कुणाला काही सांगितलेलं नाही. का सांगितलं नाही ते समजत नाही. अशा बायका सगळं सांगत सुटतात, असा माझा समज होता.

१२ जानेवारी

प्रेमा सातलाच गेली. किरकोळ मुके देखावे उरकले. आज मालकांची तार: 'गाणं निर्मळ. तुमच्या कानाला तोड नाही. कलकत्त्याला नकार कळवतो.'

नानांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि तार मोठ्याने वाचून दाखवली, म्हणजे निदान त्यांचे ओठ तरी तसे हलत होते. ग्यानबालाही पेढा मिळाला. त्याने तो शकुबाईसाठी पटक्याच्या टोकात बांधला. 'तुमच्या कानाला तोड नाही' हे वाक्य त्याला कुणी समजावून सांगितलं की नाही, माहीत नाही. मी सांगितलं नाही.

दुपारी ग्यानबाला विचारलं, पुण्याला येतोस का. काम असं काही नाही. बसायचं.

तो हसला. "अन् माझं चाक कोन ऐकंल, सायेब?"

तो गेल्यावर मालकांना पत्र लिहायला घेतलं. चार कागद फाडले. पाचव्यावर असं लिहिलं: कलकत्त्याच्या गृहस्थांना नकार कळवू नये. हल्लीच्या शिकलेल्या लोकांना प्रत्यक्ष कामाची जाण नसते, कुणीतरी हाताखाली घेऊन तयार केलं पाहिजे. त्यांना माझ्याजवळ बसवावं. हेडफोन त्यांच्याकडे राहील, यंत्र माझ्याकडे. एवढं लिहून थांबलो. मग खाली आणखी एक ओळ लिहिली: कारण समक्ष सांगतो. ती खोडली नाही.

पत्र नेमसिंगबरोबर वसमतला टपालात पाठवलं. परत मागवता येऊ नये म्हणून आजच.

१३ जानेवारी

सकाळी निघालो. पेट्या दोन गाड्यांत, मी मागच्या गाडीत मायक्रोफोन मांडीवर घेऊन. शेटच्या हुकुमावरून ग्यानबाने काल चाकाचं तेल राखेने पुसून काढलं. शेटना गादीवरून पुन्हा ऐकायचं आहे.

मळ्याचं वळण ओलांडताना नेमसिंग गाडीबरोबर चालत होता. तो थबकला आणि मागे वळून हसला. बाकी सगळे बोलत होते, गाड्या चालत होत्या. मला विचारावंसं वाटलं नाही. मीही मागे वळून पाहिलं.

बैल धावेवरून उतरत होते. मोट वर येत होती. ग्यानबा नाड्यावर बसला होता आणि आमच्या गाडीकडे तोंड करून त्याने एक हात उंच धरला होता.

हात वर होता. म्हणजे चाक करकरत होतं.